एक छेद चोवीस

१८ मार्च. कूलर बाल्कनीत ओढून पत्र्याला रंग द्यायला घेतला आहे. पोलीस खात्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून असली कामं मी स्वतःच करते. तपकिरी रंग खरवडला की खालून जुना निळा निघतो, आणि तो निघाला की एक प्रकरण हटकून आठवतं. पहिला हात वाळेपर्यंत ते लिहून टाकते. नाव कुणाचंच देत नाही.

मी तेव्हा बुटीबोरीच्या बाजूच्या एका ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक होते. गुन्हा दाखल झाला की त्याला क्रमांक मिळतो. वर्षातला कितवा गुन्हा तो आकडा, मग तिरपी रेघ, मग साल. २०२४चा आमचा पहिलाच गुन्हा ट्रकचा होता, म्हणून अपराध क्रमांक १/२४. वर्षाचा पहिला गुन्हा उघडकीस आला नाही तर वर्ष वाईट जातं, असं आमच्या ठाण्यात मानत. मी मानत नव्हते, पण तो क्रमांक डोक्यातून जातही नव्हता.

तक्रार ट्रकमालकाची होती. त्याचं म्हणणं, ड्रायव्हरनेच ट्रक परस्पर विकला. ड्रायव्हर चाळिशीच्या आतला, अंगाने किरकोळ. त्याचं म्हणणं एवढंच, "गाडी लावून जेवाले गेलो मॅडम. आलो तं गाडी नाही." किल्ली त्याच्या खिशात मिळाली. किल्ली खिशात आणि ट्रक गायब, मग ट्रक गेला कसा? याचं उत्तर त्याला देता आलं नाही. मी त्याला ट्रान्सपोर्टच्या यार्डातून, सगळ्या ड्रायव्हरांसमोर अटक केली.

ट्रक मिळाला नाही. त्याला जामीन झाला, दर सोमवारी ठाण्यात हजेरीची अट होती. त्याच्या हातात स्टिअरिंग द्यायला कोणी तयार नव्हतं. पंधरा वर्षं ट्रक चालवलेला माणूस गोदामात पोती उचलायला लागला. दर सोमवारी सही करायचा आणि मला विचारायचा, "मॅडम, काही पत्ता लागला का?" याचा मला राग यायचा. हा प्रश्न फिर्यादीने विचारायचा असतो, आरोपीने नाही.

ऑक्टोबरात हायवेवरच्या एका पंक्चरवाल्याचा फोन आला. आमचा जुना खबऱ्या होता तो.

"मॅडम, एक माणूस दर रविवारी येऊन राहिला. उभ्या ट्रकाले टेपानं मोजून राहिला. फोटो काढते, वहीत लिवते."

"ड्रायव्हरांशी बोलतो का?"

"बोलते नं. म्हणते, जरासा दरवाजा उघडता का. चहा बी पाजते. आता इतका कोण चहा पाजते मॅडम, बिना कामाचा?"

पुढच्या रविवारी आम्ही त्याला उचललं. पंचेचाळिशीचा, चष्मा, इस्त्रीचा शर्ट. खिशात टेप, सहा इंची पट्टी आणि एक जाड वही. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढतो, असं त्याने सांगितलं.

मी वही उघडली. प्रत्येक पानावर एक ट्रक: नंबर, मापं, बॉडीवरचे पोचे, मागच्या फाळक्यावरचा मजकूर. आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर १/२४.

मी वही हवालदारांपुढे सरकवली. ते माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. त्यांनी दोन-तीन पानं उलटली. मग हळूच म्हणाले, "आपला क्रमांक ह्याले कोणं सांगतला?"

आम्ही दोघांनी ठाणे अंमलदाराच्या टेबलाकडे पाहिलं. आपल्यातलंच कोणी बातमी फोडतं की काय, ही शंका फार वाईट असते. त्या संध्याकाळी मी ठाण्यातल्या प्रत्येकाकडे त्या नजरेने पाहिलं.

चौकशी मीच केली. जशी झाली तशी देते.

"हा आकडा कसला?"

"स्केल आहे मॅडम."

"स्केल तर तुमच्या खिशात मिळाली. मी आकड्याचं विचारते."

"तेच सांगतो. सगळ्या गाड्या मी एकाच स्केलमध्ये करतो."

हवालदारांनी मध्येच विचारलं, "सेल करतो म्हणते? कोणाले सेल करतो?"

"विकत नाही साहेब. एकही नाही विकली. घरीच आहेत."

"किती?"

"एकवीस. बाविसावी सुरू आहे. चेसिस कपाटात आहे, बॉडीले कालच रंग मारला. गच्चीवर सुकून राहिली."

"आणि इंजिन?"

तो थोडा ओशाळला. "इंजिन मी नाही करत मॅडम. पुढची जाळी बंदच ठेवतो."

बावीस ट्रक एका माणसाच्या घरी. मी विचारलं, "एकटे आहात की आणखी कोणी?"

"ग्रुप आहे. चाळीस-एक जण. कोणी कार करते, कोणी एसटी. ट्रकवाला नागपुरात मी एकटाच."

मी पाणी प्याले. वीसेक वर्षांच्या नोकरीत इतक्या सरळपणे कबुली देणारा आरोपी मी पाहिला नव्हता. खोटं बोलणाऱ्याचा आवाज मला कळतो. हा माणूस खोटं बोलत नव्हता, आणि खरं बोलतोय असंही मानवत नव्हतं. चोरीच्या ट्रकचा नंबर वहीत शोधला, तोही नव्हता. म्हटलं, चल, घर दाखव.

पंच घेऊन सदर भागातल्या एका जुन्या इमारतीत गेलो. दार त्याच्या बायकोने उघडलं. आमचा गणवेश पाहून ती घाबरली नाही. मी म्हटलं, ट्रक पाहायचे आहेत.

"पाहा आणि घेऊनच जा मॅडम," ती म्हणाली. "ह्या घरात माणसाले बसाले जागा नाही, ट्रकाले आहे. दिवाळीची सफाई तरी होईन माझी."

बैठकीतल्या काचेच्या कपाटात एकवीस ट्रक ओळीने उभे होते. प्रत्येक हातभरापेक्षा लहान. फाळक्यावर अक्षरं, आरशाला बांधलेलं काळं फडकं, टपावर दोर, केबिनमध्ये देव. काचा जुन्या एक्स-रे फिल्म धुऊन केलेल्या, चाकांचे नट म्हणजे टाचणीची डोकी. हवालदार गुडघ्यावर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

"एक छेद चोवीस," तो माणूस मागून म्हणाला. "खऱ्या गाडीच्या चोवीस पट लहान. चोवीस इंचाचा एक इंच."

दिवसभर मी गुन्ह्याचा क्रमांक वाचत होते. ठाण्यात कोणी फितूर नव्हतं आणि या घरात गुन्हा नव्हता. पंचांना आता काय सांगायचं, हे मला सुचेना. निघायचं म्हणून मी गच्चीवरची ती बॉडी तेवढी पाहायला मागितली. पंचनामा अर्धवट सोडायची मला सवय नाही.

बॉडी तपकिरी रंगाची होती, पण कडेला खालचा निळा दिसत होता. नंबरप्लेटही एकावर एक चिकटवलेल्या दोन.

"हे असं का?"

"माझी चूक झाली मॅडम. ही गाडी मागच्या डिसेंबरात मोजली होती. निळी होती. मागच्या रविवारी अमरावती रोडवर एका गोदामाबाहेर पुन्हा दिसली, तं तपकिरी. रंग मालक बदलवतात, त्याचं काही नाही. पण नंबरही वेगळा दिसला. म्हटलं, आपणच तेव्हा चुकीचा लिहिला असन. वहीत व्हाइटनर लावून बरोबर केला."

"गाडी तीच, हे कशावरून?"

त्याने डाव्या आरशाचा दांडा दाखवला. "हा दुसऱ्या कंपनीचा आहे. वेल्डिंग वाकडं बसलं आहे. पायरीले तीनच बोल्ट. नंबर लिहिताना माणूस चुकते मॅडम. हे चुकत नाही मी."

मी वहीचं ते पान बल्बसमोर धरलं. व्हाइटनरखालून आकडे उमटले. तो आमच्याच ट्रकचा नंबर होता. दुपारपासून ती वही माझ्या हातात होती. पानाच्या डोक्यावरून माझी नजर हललीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याला सोबत घेऊन गोदामावर गेलो. ट्रक तिथेच होता. त्याने लांबूनच आरशाकडे बोट केलं आणि मग टेप काढून मापही घेतलं, कोणी सांगितलं नसताना. चेसिस नंबर घासलेला होता. तज्ज्ञाने औषध लावून तो वाचला, जुळला. पण माझ्यासाठी महत्त्वाचं होतं ते स्टिअरिंगखाली. कुलूप तोडून नवं बसवलेलं आणि वायरी कापून पुन्हा जोडलेल्या. हा ट्रक किल्लीशिवाय नेला होता. ज्याच्याकडे ट्रक सापडला, त्याने दोन दिवसांत दोघांची नावं सांगितली. ते दोघं सापडले. ड्रायव्हरला ते ओळखतही नव्हते. तो जेवायला उतरलेला त्यांनी पाहिला होता, इतकंच.

वरिष्ठांनी पाठ थोपटली. तपास कसा लागला, असं पत्रकारांनी विचारलं. मी म्हटलं, गोपनीय माहितीवरून.

या प्रकरणाने काय शिकवलं, हे मला आजही धड सांगता येत नाही. तो आकडा मी बरोबर वाचला असता, तर त्या माणसाला तासाभरात चहा पाजून सोडलं असतं आणि ट्रक कधीच मिळाला नसता. मग चूक कामी आली असं म्हणायचं का? तसं म्हणवत नाही. किल्लीही मी चुकीचीच वाचली होती, आणि ती चूक एका माणसाने दहा महिने पाठीवर वाहिली. एवढं मात्र लक्षात राहिलं: तो मॉडेलवाला स्वतःच्या वहीवर शंका घेत होता. माझ्या रजिस्टरवर मी कधीच घेतली नव्हती.

त्या दोघांचे जबाब झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी जीप घेऊन ड्रायव्हरच्या घरी गेले. तो सोमवार नव्हता. मला दारात पाहून त्याने काही विचारलं नाही. आत वळून बायकोला म्हणाला, "दोन शर्ट काढ वं."

मी म्हटलं, कपडे नकोत. ट्रक मिळाला. चोर दुसरेच आहेत. तुमच्याविरुद्ध पुरावा नाही, असा अहवाल कोर्टात पाठवते आहे.

बोलली ती बायको.

"तोंडी नका सांगू मॅडम. नेलं तवा कागद केला होता. आता बी करा."

असा कागद द्यायची पद्धत नाही, कोर्टाचा आदेश येईल तोच खरा, हे मी तिला सांगू शकले असते. सांगितलं नाही. तिथेच ओट्यावर बसून एका कोऱ्या कागदावर चार ओळी लिहिल्या, सही केली, हुद्दा घातला. तिने तो दोनदा वाचला, मग नवऱ्याच्या हातात दिला.

"चला, यार्डात जाऊ," मी त्याला म्हटलं.

तो जीपकडे आला आणि मागे चढू लागला. मी म्हटलं, पुढे बसा. यार्डात सात-आठ ड्रायव्हर गाड्या पुसत होते. यार्डाचा हिशेब ठेवणारा मुनशी आपल्या खोलीत बोलवत होता, आत बसा, चहा घ्या म्हणत होता. मी आत गेले नाही. अटक केली होती त्याच जागी, फाटकाशी उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं की मी चुकीच्या माणसाला नेलं होतं.