मुठीखालचा गंज

तलवार म्यानातून काढण्याआधी ते तोंडाला रुमाल बांधत. पांढरा, धुतलेला, चार घड्यांचा. पात्यावर माणसाचा श्वास पडला तरी गंज धरतो, असं त्यांचं म्हणणं. रुमाल बांधलेला दिसला की त्यांच्या पत्नी स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "चला, ऑपरेशन सुरू झालं! कुणी शिंकू नका रे!" रुमालाआडून उत्तर यायचं, "घाई कुणाला हाय? शिंक धा मिनटं थांबतीया की."

चिनू, मीरा, तुम्ही त्यांना तलवारआजोबा म्हणायचात. आपल्या समोरच्या घरातले. तुमची आठवण बहुतेक त्या चिलखतापाशीच संपत असेल, म्हणून बाकीचं लिहून ठेवते आहे. त्यात एक गोष्ट अशी आहे, जी मी आजवर कुणालाच सांगितली नाही. ती तिच्या जागी येईल. क्रम मोडून लिहिणं मला जमत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच.

शिरोली एमआयडीसीत त्यांची लहानशी फाउंड्री होती. घराणं जैन. दिवस मावळायच्या आत जेवण, कांदा-बटाटा वर्ज्य, वाटेत मुंग्यांची रांग दिसली तर वळसा. आणि अशा माणसाच्या बाहेरच्या खोलीत तीन जपानी तलवारी! "मुंगी मारत न्हाईसा आणि ह्या कशाला?" असं गल्लीत कुणी ना कुणी विचारायचंच. ते शांतपणे म्हणायचे, "म्हणून तर माझ्याकडं हायत. दुसऱ्या कुणाकडं असत्या तर धोका हुता."

तरुणपणी ओतकाम शिकायला ते तीन महिने जपानला गेले होते. येताना तलवारीच्या मुठीपाशी बसते ती लोखंडी चकती तेवढी घेऊन आले. तिच्यावर एक बगळा कोरलेला होता. "लोकांचे नवरे साड्या आणतात, आमच्यांनी वॉशर आणला," असं त्यांच्या पत्नी पुढे कितीतरी वर्षं सांगत. त्या वॉशरमागून एकेक करत तलवारी आल्या आणि शेवटी आलं चिलखत.

चिलखत त्यांनी एका लाकडी पेटीवर बसवलं होतं, दाराकडे तोंड करून. शिरस्त्राण, त्याखाली पांढऱ्या मिशांचा लोखंडी मुखवटा. त्याला ते 'पावणं' म्हणत. "पावणं बसल्यात, चपला नीट काढा." गॅसवाल्याने पहिल्या दिवशी सिलिंडर खाली ठेवून त्याला नमस्कार केला होता. मीरा, तू चार वर्षांची असताना ते बघून भोकाड पसरलंस, तेव्हा त्यांनी मुखवटा भिंतीकडे वळवला आणि म्हणाले, "बघ, पावणंच घाबरलं तुला. तोंड फिरवून बसलं." तू हसलीस आणि मग तासभर त्या पाहुण्याची समजूत काढत राहिलीस.

चिलखताच्या पट्ट्या रेशमी दोरीने ओवलेल्या होत्या. एकदा ती दोरी तुटली, तेव्हा ते पट्ट्या घेऊन थेट गुजरीत गेले, आपले साज-पुतळ्या ओवणाऱ्या पटवेकऱ्याकडे. त्याने त्या हातात घेऊन उलटसुलट पाहिल्या आणि विचारलं, "एवढ्या गळ्याची बाई हाय तरी कोण, पावणं?" पण ओवून दिल्या, आणि अशा की जोड ओळखू येऊ नये.

माझं काम पत्रांचं. मी कॉलेजात इंग्रजी शिकवलं, म्हणून सगळी गल्ली मला बाई म्हणते, तसे तेही म्हणत. परदेशातल्या विक्रेत्यांना काय लिहायचं ते सांगत आणि मी इंग्रजीत लिहीत असे. "लिवा, तलवार पोचली, लई आनंद झाला. आणि घरातली समदी बरी हायत का इचारा." दुसरं वाक्य मी गाळत असे. व्यवहाराच्या पत्रात ते शोभत नाही, असं मला वाटे. "इचारलं न्हवं?" ते विचारत. "विचारलं," मी म्हणत असे. आलेला प्रत्येक कागद मी तारखेप्रमाणे निळ्या फाइलीत लावून ठेवला होता. ती फाइल अजून आहे.

तिसऱ्या तलवारीवर त्यांचा सगळ्यांत जास्त जीव. बांबूची एक खुंटी काढली की तिची मूठ निघत असे. मुठीआड दडलेल्या लोखंडावर घडवणाऱ्याने आपलं नाव कोरलेलं होतं. दोनच अक्षरं, काळ्या गंजात बुडालेली. "आमी जन्मभर ओतकाम केलं, बाई," ते एकदा म्हणाले. "पण मालावर नाव गिऱ्हाइकाचं. ह्या गड्यानं मुठीखाली लपवून का हुईना, स्वतःचं घातलंय. त्याचं नाव कळाय पायजे मला. दुसरं काय नगं."

ते कळण्याची वेळ आली. त्यांच्या एका गिऱ्हाईक कंपनीचे वयस्कर जपानी सल्लागार कोल्हापुरात येणार होते. त्यांना जुन्या तलवारींची चांगली पारख होती. दसऱ्याला ते जेवायला येतील आणि तलवार बघतील असं ठरलं. दुभाषी मी.

आदल्या दिवशी खंडेनवमी. फाउंड्रीत यंत्रांची पूजा असते, म्हणून सकाळी दोघं नवरा-बायको तिकडे निघाले. तिसरी तलवार मूठ काढून पांढऱ्या कापडावर ठेवलेली होती. किल्ली माझ्या हातात देत ते म्हणाले, "बाई, तेवढं एक फूल ठिवा तिच्याम्होरं. बाकी काय नगं."

मी फूल घेऊन गेले. पातं पाण्यासारखं स्वच्छ आणि मुठीकडचं टोक काळंकुट्ट. माझ्या सासरी खंडेनवमीला साधी विळीसुद्धा गंजलेली पुजत नसत. उद्या परका माणूस येणार, तो काय म्हणेल? पुरुषांच्या लक्षात असल्या गोष्टी येत नाहीत, असंही मनात आलं. घरी जाऊन मी चिंच आणि राख आणली. तोंडाला रुमाल बांधला, अगदी त्यांच्यासारखा, आणि तासभर घासलं. लोखंड चांदीसारखं निघालं. मग झेंडूचं फूल ठेवलं आणि मोठ्या समाधानाने हात धुतले.

संध्याकाळी ते आले. तलवारीपाशी जाऊन वाकून पाहिलं. "लई कष्ट घेतलासा, बाई," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. त्यांनी आधी चिलखताला वाकून नमस्कार केला. मग तलवारीपुढे गुडघे टेकून बसले आणि बसूनच राहिले. तलवारीला त्यांनी हात लावला नाही. शेवटी अगदी हळू आवाजात त्यांनी इंग्रजीत विचारलं, हे कुणी साफ केलं?

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. सोपं, चार शब्दांचं वाक्य. मला ते मराठीत आणता येईना.

तुमच्या तलवारआजोबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, प्रश्न ओळखला आणि म्हणाले, "सांगा त्यास्नी, माझ्या हातनं झालं. लोखंडातला माणूस हाय, गंज दिसला की हात शिवशिवत्यात."

आणि मी ते सांगितलं. उत्तम इंग्रजीत. व्याकरणाची एकही चूक नव्हती.

पाहुण्यांनी समजावलं. अक्षरं वाचता येतात, नाव मोठ्या कारागिराचं आहे. पण ते त्यानेच कोरलं की मागाहून कुणी, हे तो शेकडो वर्षांचा गंज सांगत होता. साक्षीदारच गेला, आता कुणीही खात्रीने सांगू शकणार नाही. हेही मीच मराठीत सांगितलं.

"परत येत न्हाई व्हय त्यो गंज?" त्यांनी विचारलं.

येईल, पाहुणे म्हणाले. दोन-तीनशे वर्षं लागतील.

"मग येऊ दे की. घाई कुणाला हाय?"

मी भाषांतर केल्यावर पाहुणे हसले, सगळेच हसले आणि पुरणपोळी वाढायला घेतली. निघताना ते मला दारापर्यंत सोडायला आले. "मनाला लावून घिऊ नका, बाई. आपल्या दोघास्नी तरी कुठं ठावं हुतं?"

घरी येऊन मी निळी फाइल काढली. तिसऱ्या तलवारीबरोबर एक छापील कागद आला होता. "ह्ये बी वाचून दावा," ते म्हणाले होते. तुमचा फोन यायची वेळ झाली होती. मी वरच्या दोन ओळी पाहिल्या, "तेल लावायचं, ओल लागू द्यायची नाही, एवढंच आहे" असं सांगून टाकलं आणि कागद फाइलीला लावला. आता तो पूर्ण वाचला. सातवी ओळ होती: मुठीखालचा गंज कधीही काढू नये.

म्हणजे दोघांना ठाऊक नव्हतं, हे खरं. पण ठाऊक करून देण्याचं काम माझं होतं.

उद्या सांगू, असं ठरवलं. त्यानंतर ते चार वर्षं जगले. दर रविवारी चहाला यायचे. तलवार कुणी घडवली असं कुणी विचारलं की म्हणायचे, "ठावं न्हाई. पण चांगला गडी असणार." मी कपात साखर ढवळत बसायचे. तुमची आजी, जिच्या घरात एक कागद इकडचा तिकडे होत नाही, ती दोनशे रविवार एक वाक्य बोलू शकली नाही.

यंदा ते गेले. त्यांच्या मुलाने दोन तलवारी आणि चिलखत पुण्याच्या एका संग्राहकाला दिलं. 'पावणं' पेटीत घालून टेम्पोतून गेले, तेव्हा गॅसवाला रस्त्याच्या कडेला थांबला होता. तिसरी तलवार मुलगा माझ्याकडे घेऊन आला. "अण्णा सांगून गेलेत, ही बाईंना द्या. सगळी पत्रं त्यांनीच लिहिली."

परवा खंडेनवमीला मी तोंडाला रुमाल बांधून ती खुंटी काढली. लोखंड अजून चकाकतंच आहे. पण दुसऱ्या अक्षराच्या खोबणीत एक तपकिरी ठिपका आलाय, मोहरीएवढा. मी समोर एक फूल ठेवलं. मग तो कागद घेतला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मराठीत उतरवला आणि म्यानाशेजारी ठेवला. एकही ओळ गाळली नाही.

तलवार पुढे तुमच्याकडे येईल. तो ठिपका पुसू नका.