चक्रवाकांची मालकीण

सुमन सिस्टर गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकान उघडत होतो. शटर अर्ध्यावरच राहिलं… तिसऱ्या दिवशी चौकात फलक लागला, ‘थोर पक्षीप्रेमी’. बाजूला रोहित पक्ष्याचं चित्र. आमच्या तलावावर रोहित कधी उतरलाच नाही! फलकावर ज्यांची नावं झळकत होती, त्यांतला एकही जण तिच्या हयातीत तिच्या बाजूने उभा राहिला नव्हता. म्हणून हे लिहितो आहे.

सिस्टर सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली. मी तिचा शेजारी, कापड दुकानदार. हिवाळ्यात दर मंगळवारी, दुकान बंद असलं की, माझ्या स्कूटरवरून आम्ही रनाळ्याकडच्या पाझर तलावावर पक्षी बघायला जायचो. गेल्या पौषात असेच बांधावर चढलो, तर पाण्यावर आवाजच नाही. काठाला नऊ चक्रवाक पडलेले. भगव्या पिसांवर दव. जवळ भिजवलेली ज्वारी, तिला फवारणीच्या औषधाचा उग्र वास. मांसासाठी कुणीतरी विष घातलं होतं. एक पक्षी अजून मान उचलत होता. सिस्टरने त्याला पदरात घेतलं, चोचीत थेंब थेंब पाणी सोडलं. मी काही बोलायच्या आत म्हणाली, “चूप ऱ्हाय, शेठ.” तो तिच्या मांडीवरच गेला.

तसाच पिशवीत घालून आम्ही तो एका सरकारी कचेरीत नेला. टेबलामागच्या साहेबाने नाकाला रुमाल लावून विचारलं, “मालक कोण?”

“जंगली पाखरू शे, भाऊ.”

“मग नुकसान कोणाचं झालं? तक्रार कोणाच्या नावावर घेऊ?”

जन्मभर लोकांच्या जखमा धुतलेली ती बाई टेबलावर हात आपटून म्हणाली, “मन्हं नाव लिख. मी शे यास्नी मालकीण!”

मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं. अर्जावर शिक्का बसला, आणि तिथेच सगळं संपलं. ना कोणी तलावावर आलं, ना ज्वारी तपासली. सिस्टर तीनदा चौकशीला गेली. तिन्ही वेळा साहेब दौऱ्यावर! या हिवाळ्याच्या तोंडाला तिचं हृदय थांबलं. लोक म्हणतात, वय झालं होतं. असेल…

तिच्या मुलीने दुर्बीण मला दिली. ती सिस्टरच्या डोळ्यांना जुळवलेली, मला त्यातून सगळं धूसर दिसायचं. तरी तिचं चाक फिरवायला महिनाभर हात धजला नाही. परवा मात्र तलावाच्या काठाला दोन माणसं पिशवीतून काहीतरी पसरताना दिसली, तेव्हा फिरवलं. चेहरे स्वच्छ दिसले. दोघेही ओळखीचे. मी बांधावर उभा राहिलो आणि दोघांना नावाने हाक मारली.