विष्णुपंतांच्या बराइटची परीक्षा

कोपरगावच्या विष्णुपंतांनी चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि त्याहून जास्त वर्षं दगड गोळा केले. त्यांच्या काचेच्या कपाटात चांदीच्या भांड्यांना जागा नाही, दगडांना आहे. त्यातला मानाचा दगड म्हणजे बराइट, दिसायला लहान पण वजनाला भारी असं खनिज. विहिरी खोदणाऱ्या काकासाहेबांनी तो आणून दिला होता. "गुरुजी, लई जड हाय. आमाला काय उपेग न्हाई, तुमी ठिवा."

काळ्या दगडावर पातळ वड्यांसारखे उभे पांढरे स्फटिक. विष्णुपंतांनी पुस्तकं चाळून तो बराइट ठरवला आणि तेव्हापासून घरी येणाऱ्याला चहाच्या आधी बराइट मिळू लागला. हात लावायचा नाही, लांबून बघायचं. व्याहीसुद्धा यातून सुटले नाहीत.

यंदा गणपतीत नात मनवा पुण्याहून आली. ती भूशास्त्र शिकते. दगड बघून सहज म्हणाली, "आजोबा, हा चुनखडीतला साधा कॅल्साइटही असेल."

"अगं, वजन बघ की."

"ते खालच्या काळ्या दगडाचंही असेल. आम्लाचा एक थेंब टाकू. फेस आला तर कॅल्साइट, नाही आला तर बराइट."

"थेंबबिंब काही नको. खराब होईल."

खरं तर दगडापेक्षा त्यांना स्वतःचीच धास्ती होती. इतक्या पोरांना छातीठोकपणे सांगितलेलं खोटं निघालं तर? जेवायला बसले, पण उकडीचा मोदकही त्यांना गोड लागेना.

तूप वाढता वाढता पत्नी नीलांबरीबाई म्हणाल्या, "आम्ल म्हणजे लिंबू चालेल ना गं? मग झालंय ते. दर दिवाळीला तांब्यापितळेच्या भांड्यांबरोबर मी ह्यालाही लिंबाच्या पाण्यात बुडवते. काय ती धूळ बसते."

विष्णुपंतांचा घास हातातच राहिला. "दर दिवाळीला?"

"तुम्ही बाजारात गेलात की."

"फेस येतो का आजी?" मनवाने विचारलं.

"फेस कसला? टाकला तसा निघतो."

"मग बराइटच, आजोबा. कॅल्साइट असता तर एव्हाना झिजून गेला असता."

विष्णुपंतांना हसावं की रागवावं कळेना. "मला विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर हो म्हणाला असतात?"

त्यावर त्यांनी तिसरा मोदक मागून घेतला. दिवाळीत भांडी निघाली तेव्हा लिंबं त्यांनी स्वतः पिळली, आणि फेस येत नाही हे बघायला गल्लीतल्या दोन निवृत्त मास्तरांना बोलावून आणलं.