शिवकांताअक्कांचा हापसा

नांदेडहून सकाळच्या एसटीने निघालो. लोह्याच्या पुढे काळी राने भेगाळून पडली होती; एकाही ओढ्यात पाणी दिसले नाही. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. तिथल्या कचेऱ्यांच्या पाट्या अजून कोऱ्या करकरीत होत्या. लातूरहून औशाची बस धरली आणि अलीकडच्या एका फाट्यावर उतरलो.

गावात नव्या हापशाचे उद्घाटन होते. दोन बोअर कोरडे गेल्यावर तिसरी जागा शिवकांताअक्कांनी दाखवली होती. त्यांची म्हैस उन्हाळाभर हटकून तिथेच बसे. 'पाणी लागलं तर हापशाला तुझंच नाव,' असे सरपंच थट्टेने म्हणाले होते. पाणी लागले आणि सरपंचांना शब्द पाळावा लागला.

मी पोचलो तेव्हा पेंटर पत्र्याच्या पाटीवर शेवटचा हात फिरवत होता. अक्कांना वाचता येत नव्हते.

"काय लिव्हलंय? वाचा की, दादा."

मी वाचले, "लिं. शिवकांताबाई हापसा." लिं. म्हणजे लिंगैक्य, लिंगायत समाजात ते दिवंगतांच्या नावाआधी लावतात.

"आरं मुडद्या, म्या जित्ती हाय न्हवं तुझ्या म्होरं!"

"अक्का, पाटीवर नाव म्हणल्यावर माणूस गेलेलंच असतंय," पेंटर म्हणाला. "जितं कुणी आजवर आलंच न्हाई माझ्याकडं."

"उद्घाटनाला साहेब यायलेत," सरपंच घाईने म्हणाले. "पाटी काढा. नावाचं नंतर बघू."

"नंतर म्हंजी म्या मेल्यावर?"

अक्कांनी पेंटरचे रॉकेलचे फडके ओढून घेतले आणि बोटाने दाखवत मला विचारले, "हितून कुठवर पुसू?" मी सांगितले. ओला रंग निघाला; मागे पांढरा फराटा उरला.

जीप आली. साहेबांनी पाटी निरखली.

"नावाआधी एवढी जागा मोकळी का?"

सरपंच खाकरले. अक्का शांतपणे म्हणाल्या, "राखून ठिवलीय, साहेब. घाई न्हाई."

साहेब हसले आणि त्यांनी नाव वहीत लिहून घेतले. दुपारी अक्कांकडे भाकरी आणि येसर (भाजलेल्या डाळी-मसाल्याची आमटी) जेवलो.

परतीच्या वाटेवर नांदेडपर्यंत पाट्या वाचत आलो. चौक, शाळा, पाणपोया. सगळी नावे गेलेल्यांची. नावाची धनीण भेटली ती एकाच पाटीखाली, घागर भरताना.