आठवी लेव्हल

वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा आई भांडुपच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाऊ लागली आणि संध्याकाळचं पाणी भरणं माझ्याकडे आलं. नळ जेमतेम पाऊण तास चालायचा.

काल भाचा कुरकुरला, "आत्या, नवा गेम वीस तासांतच संपला. फालतू यार!" आणि मला आमच्या चाळीतली, समोरच्या खोलीतली सुनीता आठवली. तिच्या मामाने दुबईहून टीव्हीवर खेळायचा गेम आणला होता. एकूण आठ लेव्हल, आणि बंद केला की पुन्हा पहिलीपासून. एका शनिवारी मी पहिल्यांदाच आठवीत पोचले. बोटं घामाने चिकटत होती. तेवढ्यात गॅलरीतून ओरडा झाला, "नळ आला गं!"

गेम थांबवायचं बटण दाबून आम्ही दोघी धावलो. हंडा, कळशी, पिंप भरून ओल्या परकराने परत आले, तर पडदा काळा.

"टीव्ही केवढा तापला होता," सुनीताची आई म्हणाली. "म्हटलं, जरा विश्रांती देऊ त्याला. भिंतीवरचं बटणच बंद केलं, गेमसकट."

"अहो काकू, शेवटचीच राहिली होती!"

"मग उद्या खेळ की. पळून जातोय का तो?"

पळालाच. रविवारी सकाळी मामा गेम घेऊन गेला. अजून चीड येते. काकूंची कमी, गेम बनवणाऱ्याची जास्त. त्याच्या घरी दिवसभर पाणी येत असणार. गेम नळ यायच्या आत संपलाच पाहिजे, हे माझं आजही ठाम मत आहे.

बी.कॉम.चा अभ्यासही मी नळाच्या वेळा सांभाळूनच केला. पण पुस्तक मिटलं तरी पान जागेवर राहायचं. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी झाले.