नाटकापायी गेलेल्या मिशा

माझ्या मिशा आयुष्यात एकदाच गेल्या आणि त्याही फुकट गेल्या. बाप जिवंत असताना मिशा काढायच्या नसतात, हे आमच्या परभणीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मला मात्र तेव्हा नाटकाचं वेड लागलं होतं, आणि ते वेड लागलं की माणसाला काही कळत नाही.

पोलीस ॲक्शन होऊन, निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. मी तहसिलीत कारकून होतो. उर्दूतली दफ्तरं मराठीत उतरवायची आणि जांभया द्यायच्या, एवढंच काम. तेवढ्यात गावात अभिनयाची शाळा निघाली. शाळा म्हणजे जिनिंगचं रिकामं गोदाम, आत सरकीचा वास आणि शिकवायला दोघं जण. एक मास्तर. त्यांनी नाटक कंपनीत उभी हयात बायकांची कामं केलेली. कंपनी मोडली तेव्हा ते परभणीला उतरले ते उतरलेच. दुसरे उस्ताद. ते निजामाच्या राज्यात शाळेत उर्दू शिकवायचे. आता उर्दूला कुणी विचारीना, म्हणून आवाज शिकवायला लागले.

दोघांच्या शिकवण्याचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. उस्ताद आम्हाला रुळांच्या कडेला नेऊन उभं करायचे. मालगाडी धडधडत असताना पल्याडच्या गड्याला आपलं वाक्य कळलं पाहिजे, पण ओरडायचं नाही. मी ओरडायचो. "मियाँ, ये औरत है या स्टेशन मास्टर?" असं ते कपाळाला हात लावून विचारायचे. मास्तरांच्या तालमीत तर वाक्यच नसायचं. बाईचं काम करायचंय ना, मग लुगडं नेसा आणि घरात राबा. पाणी भरा, दळा, भाकरी थापा. डोक्यावरचा पदर न ढळता भाकरी उलटता येईस्तोवर मला तोंड दाखवू नका.

एका गोष्टीवरून दोघांचं रोज वाजायचं. उस्तादांचं म्हणणं, जमाना बदलला, बाईचं काम बाईनंच करावं. त्यावर मास्तर उसळायचे. "बाई तर जन्माचीच बाई. ती अभिनय कशाचा करणार?" मला मास्तरांचं म्हणणं लय पटायचं, कारण पहिल्या नाटकातलं नायिकेचं काम मला मिळालं होतं. गुणांवर मिळालं नव्हतं. सगळ्यांत किडकिडीत मीच होतो.

तर अशा मिशा गेल्या. न्हावी वस्तरा हातात घेईना. "म्हातारं कधी गेलं?" हेच त्याचं चाललेलं. दुसऱ्या दिवशी कचेरीत साहेब म्हणाले, सुतकात कामावर कशाला आलात? शेजारणी घरी पिठलं-भाकरी घेऊन आल्या. मी 'अहो, तसं काही नाही' म्हणत राहिलो, त्या जास्तच रडायला लागल्या.

बातमी आमच्या गावी झरीला पोचली आणि आबा, म्हणजे माझे वडील, गाडी जुंपून आले. दारातूनच कडाडले, "मी जित्ता हाय न रं अजून! का लय घाई झाली तुला?" मी नाटकाचं सांगितलं. ते पाणीसुद्धा न घेता माघारी फिरले. गाडीत बसताना म्हणाले, "येतो बघायला. मिशाच्या मोलाची बाई न्हाई दिसली, तर झरीत पाय ठेवू नको."

आता माझी पाचावर धारण बसली. मी जीव तोडून राबायला लागलो. बायको रोज मला लुगडं नेसवून द्यायची आणि तोंडात पदर कोंबून हसायची. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं, नाहीतर तोंड उघडं ठेवून हसली असती. भाकरी करपायच्या, पदर चुलीत जायचा. तरी मला वाटायचं, जमायलंय.

एका दुपारी माझी तयारी बघायला मास्तर माझ्याबरोबर घरी आले. दारातच हसण्याचा गलका ऐकू आला. अंगणात माझी बायको शेजारणींना माझी नक्कल करून दाखवत होती. पदर चिमटीत, मान एका अंगाला पाडलेली, पाऊल मोजून मापून टाकलेलं. मध्येच बोट भाजलं म्हणून ती माझ्या आवाजात बोंबलली आणि बायका गडाबडा लोळल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आम्हाला बघून तिनं जीभ चावली. मास्तरांनी विचारलं, "ही चाल कोणाची?"

"ह्यांची," ती पुटपुटली.

"त्याची न्हाई. माझी हाय. त्यानं माझीच उचलली." मास्तर हसत नव्हते. "आता तुझी दाखव."

"माझी कोणती चाल? मी आपली पाण्याला जाते तशी जाते."

"मग जा पाण्याला."

ती घागर घेऊन आडापर्यंत गेली आणि भरून घेऊन आली. मास्तर ओट्यावर बसले. बराच वेळ धोतराच्या सोग्याशी चाळा करत राहिले. मग मला म्हणाले, "तुझं काम गेलं. आता ही करील."

"अन् माझ्या मिशा?" मी ओरडलो. उस्ताद असते तर पुन्हा स्टेशन मास्टर म्हणाले असते.

बायकोनं तर हातच जोडले. "मामंजी मला माहेरी धाडतील." उस्तादांनी येऊन तिची समजूत काढली. ती तयार झाली, पण एका अटीवर. झरीला कळता कामा नये, सगळ्यांना वाटू द्या की काम हेच करायलेत. ते सोपंच होतं. माझ्या ओठाकडं बघून कुणाला शंका आली असती? आबांनी तर पदराआडचं तिचं तोंड अजून धड पाहिलंही नव्हतं.

दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. पण तिला वाचता येत नव्हतं, वाक्यं मलाच वाचून दाखवावी लागली. चूल फुंकता फुंकता तिनं एक वाक्य असं काही म्हटलं की माझ्या अंगावर काटा आला. रागही आला. सहा महिने मी ते वाक्य मालगाडीला ऐकवत होतो.

गोदामात दिवे नव्हते, म्हणून खेळ दुपारचा. आबा पहिल्या रांगेत, नवा फेटा बांधून, मुठी आवळून. मी पडद्याआड नाटकाचं पुस्तक घेऊन वाक्यं पुरवायला बसलेला. मी तिची वाक्यं तिच्याबरोबर मोठ्यानं म्हणत होतो म्हणे. शेवटी उस्तादांनी माझ्या तोंडावर हात दाबून धरला. शेवटच्या प्रवेशात ती घर सोडून निघते. उंबऱ्याशी थांबली, मागं वळून बघितलं, आणि सगळं गोदाम चिडीचूप झालं. पडद्याच्या फटीतून बघतो तर आबा फेट्याच्या शेवानं डोळे पुसायलेत. तेव्हा मी जळत होतो का फुगलो होतो, मला खरंच सांगता येणार नाही.

खेळ संपला आणि आबा थेट आत आले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. गाडी जुंपून आले त्या दिवसापासून ते माझ्याशी बोललेच नव्हते. "मिशाचं सोनं केलंस रं पोरा," ते म्हणाले. मी आपली मान डोलवली. इतकं गोड कौतुक मला जन्मात मिळालं नव्हतं.

एवढ्यात पडदा सारून बायको आत आली. तोंडाला रंग, अंगावर तेच लुगडं. समोर सासरा दिसताच तिनं सवयीनं पदर पुढं ओढला आणि वाकून पाया पडली.

आबांनी तिच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं, माझ्या पायजम्याकडं, हातातल्या पुस्तकाकडं. मास्तर आणि उस्ताद दोघंही भिंतीकडं बघायला लागले.

आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "लय रडवलंस पोरी," ते म्हणाले.

मग माझ्याकडं वळले आणि खरंच न कळल्यासारखं विचारलं, "मंग तू मिशा कशाला काढल्यास?"