दोन खाटांच्या मधलं स्टूल

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बिझनेस स्कूलच्या प्रवेशपरीक्षेला थोडेच दिवस उरले होते आणि बाबांना वाशीच्या हॉस्पिटलात दाखल करावं लागलं. घरात आम्ही दोघंच. मी त्यांच्या खाटेशेजारी गणितं घेऊन बसायचे आणि सलाईनकडे बघता बघता प्रश्नच विसरून जायचे.

शेजारच्या खाटेवर उरणच्या एका बाईचा नवरा होता. ती माझी ओढाताण रोज बघत होती. एका दुपारी तिने स्टूल ओढलं, दोन खाटांच्या मधे बसली, एक हात नवऱ्याच्या पावलावर ठेवला आणि दुसरा बाबांच्या.

"जा गो बाय, भायेर बसून वाच. तुज्या बापसाजवल मी हाय."

"तुम्हाला कशाला त्रास, मावशी?"

"मना हात दोन हाईत ना? निजलेल्या मानसाला पायाशी कोनतरी हाय, येवढंच कलतं."

मग रोज दुपारी मी जिन्यात बसून, घड्याळ लावून सराव करू लागले. आम्ही एकमेकींना नाव कधी विचारलं नाही. एकदा मी परतले तेव्हा ती हळूच म्हणाली, "तुला हाक मारली त्यांनी. बोलवू का इचारलं, तं नको म्हनाले. वाचू दे तिला, म्हनाले."

बाबा परीक्षेआधीच गेले. तरी मी पेपरला बसले. पहिल्याच प्रश्नाची अक्षरं पुसट झाली, तेव्हा बाकाखाली मी चपला काढल्या, एका पावलावर दुसरं पाऊल ठेवलं आणि पुन्हा वाचायला लागले.